पाणी सोडायची वेळ

सकाळचे सव्वासहा वाजलेत. गागोदे बुद्रुकमध्ये रस्त्याच्या कडेला पाणीवाला उकिडवा बसलाय. चेंबरचं झाकण पहारीने उचकटून त्याने बाजूला सारलंय, आत दंडापर्यंत हात घातलाय आणि वॉलच्या डोक्यावर बसलेला गाळ तो बोटांनी काढतोय. डोकं मोकळं झाल्यावर तो उठतो, कमरेएवढी लोखंडी चावी आत सोडतो आणि दोन्ही हातांनी फिरवायला लागतो. ओठ हलतायत. तो आटे मोजतोय. एका जागी थांबतो, कान देतो, मग आणखी अर्धा आटा देतो.

"पुरा नाय उघडायचा," माझ्याकडे न बघताच तो सांगतो. "पुरा उघडला तर खालच्या आळीत धो धो, आणि वरच्या आळीला नुसता वारा."

वारा खरंच आधी येतो. जवळच्या घराचा नळ फुसफुसतो, खोकतो, तांबूस पाण्याची चूळ टाकतो आणि मग धार धरतो. तोवर पहिली कळशी खाली लागलेलीच असते. मे महिना सरत आलाय. शेतांत राब भाजून झालेत, भाजलेल्या जमिनीचे काळे चौकोन डोंगराच्या पायथ्यापर्यंत दिसतायत आणि रोहिणीच्या पहिल्या सरीकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. कोकणात पाण्याचा खरा हिशोब याच दिवसांत होतो. जुलैमध्ये इथे कुणालाही पाण्याबद्दल विचारा, तो आभाळाकडे बोट दाखवील.

"भाऊ, आज लवकर सोडलंत?" एक बाई ओट्यावरून विचारते.

"दुपारी लाइनचं काम हाय, वहिनी. पिंपं भरून ठेवा. सांजचं येईलच असं नाय."

निरोप पुढे जातो. पाच मिनिटांत दोन घरांतली निळी पिंपं अंगणात येतात. जाहीर सूचना, फलक, मोबाइलवरचा संदेश यांपैकी काहीही न लागता अख्ख्या आळीला कळलंय की दुपारी पाणी बंद.

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातलं हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते विनोबांमुळे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे इथे जन्मले, आणि लहानपणची काही वर्षं याच मातीत वाढून पुढे वडिलांकडे बडोद्याला गेले. त्यांचं जन्मघर पाहायला लोक लांबून येतात. भूदान सगळ्यांना आठवतं. पण भूदानाच्या त्याच पदयात्रांमध्ये विनोबा कूपदानही मागत होते. जमीन मिळाली तरी पाण्यावाचून भूमिहीनाने ती कसायची कशी, म्हणून विहीर द्या, असं त्यांचं मागणं होतं. पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा, प्रयोग चालू असताना त्यांनी सोबत्यांबरोबर स्वतः विहीर खणायला घेतली होती. मला त्यांचा हा भाग जास्त जवळचा वाटतो. जमिनीचा कागद एकदा होतो. विहिरीचं काम रोज असतं, आणि त्याला रोज माणूस लागतो.

तो माणूस आत्ता चावी खांद्यावर टाकून पुढच्या चेंबरकडे निघालाय. मी मागोमाग चालतो.

वाटेत तो मला पाण्याचा रस्ता सांगतो. खाली वहाळाकाठी विहीर. तिच्यात मोटार. तिथून चढत जाणारी मोठी लाइन थेट उंचवट्यावरच्या टाकीत पडते. टाकीतून गावात पाणी आपल्या वजनाने उतरतं. वीज लागते ती टाकी भरायला, वाटपाला नाही. रात्री फेज असली की टाकी भरून घ्यायची, सकाळी सोडायची. फेज गेली तर मात्र सगळंच अडतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, विजेचे खांब आडवे झाले आणि जिल्ह्यातल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस मोटारी चालल्या नाहीत. विहिरींत पाणी होतं आणि नळ कोरडे होते. ज्या गावांनी जुन्या विहिरींचे कठडे, रहाट जपून ठेवले होते त्यांचं तेव्हा निभावलं. नळ आला की लोक विहिरीकडे पाठ फिरवतात, तिच्यात निर्माल्य टाकतात, झुडपं माजू देतात. असं करू नये. नळयोजना चालू राहूनही विहीर जपता येते, आणि ती जपलीच पाहिजे.

तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात पाण्याची टंचाई का, हा प्रश्न घाटावरचे पाहुणे हमखास विचारतात. उत्तर पायाखाली आहे. हा काळा कातळ पाणी फारसं पोटात ठेवत नाही. सह्याद्रीच्या उतारावर पडलेलं पाणी वहाळातून नदीत, नदीतून खाडीत काही तासांत पोचतं. फटींत आणि मुरमाच्या थरात जे मुरतं त्यावर विहिरी जगतात, आणि एप्रिलपासून त्यांचा तळ दिसायला लागतो. याच पेण तालुक्यात भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचं धरण उभं आहे आणि त्याचं पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईत जातं. त्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला, वाशी-शिर्कीच्या खारेपाटात, लोकांनी पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. तिकडे जमिनीत हात घातला तर खारं पाणी लागतं, त्यामुळे पाणी बाहेरूनच आणावं लागतं. शहराला पाणी देऊ नका असं कुणी म्हणत नाही. पण मोठी जलवाहिनी तालुक्यातून शहराकडे जात असताना त्याच तालुक्यातल्या बाईने टँकरची वाट बघत बसावं, हे मला कधीच पटलेलं नाही.

टाकीपाशी आम्ही पोचतो तेव्हा एक तरुण मुलगी आधीच आलीय. ओढणी कमरेला खोचलेली, हातात प्लॅस्टिकची पेटी. गावातल्या पाण्याची तपासणी करण्याचं प्रशिक्षण घेतलेल्या बायकांपैकी ती एक. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना हे शिकवायचं असतं. पाणीवाला तिला "बाय" म्हणतो, ती त्याला "काका". दोघांचं रोजचं काम ठरलेलं आहे.

पाणीवाला बादलीत ब्लिचिंग पावडर कालवतोय. इथे तिला सगळे टीसीएल म्हणतात. वासाने डोळे चुरचुरतात, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून तो उभा राहतो. हिशोब त्याला तोंडपाठ आहे. हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम. म्हणजे टाकी पन्नास हजार लिटरची असेल तर अडीचशे ग्रॅम. पावडर चांगली असली, तिच्यात ३३ टक्के क्लोरीन असलं, तरच हे माप लागू. पिशवी उघडी राहिली, दमट झाली की तिचा जोर जातो. मग माप तेवढंच टाकलं तरी पाणी शुद्ध होत नाही आणि वहीत मात्र "टीसीएल टाकले" असं लिहिलेलं राहतं. तो पिशवीचं तोंड सुतळीने आवळतो, ती दुसऱ्या पिशवीत घालतो आणि खोलीतल्या फळीवर, जमिनीपासून वर ठेवतो. बादलीतला चुना खाली बसू देतो आणि वरची निवळ तेवढी टाकीत ओततो.

"हे फुडच्या पाण्याला," तो म्हणतो. "आजचं रातचंच टाकलंय. टाकलं आणि लगेच सोडलं, तर काय उपेग? तास-अर्धा तास भिनायला पायजे."

बाय आता खाली उतरून लाइनच्या अगदी शेवटच्या घरी जाते. टाकीजवळचा नळ तपासण्यात अर्थ नाही, तिथे क्लोरीन असणारच. शेवटच्या नळाला उरलं असेल तरच वाटेतलं सगळं पाणी सुरक्षित. ती नळ थोडा वेळ वाहू देते, काचेच्या नळीत दहा मिलिलिटर पाणी घेते, क्लोरीन तपासायच्या ओटीच्या बाटलीतून थेंब टाकते, तोंडावर अंगठा धरून नळी दोनदा उलटीसुलटी करते आणि लगेच डोळ्यांसमोर धरते. पाणी फिकट पिवळं होतंय. तक्त्यातल्या रंगांच्या पट्ट्यांशी ती ते लावून बघते. ०.२ पीपीएमच्या खाली यायला नको. ती मान डोलावते, वहीत तारीख, घर, वेळ आणि आकडा लिहिते, मग नळी धुऊन पेटीत ठेवते. घरातली आजी हे सगळं उंबऱ्यावर बसून पाहतेय.

"पिवळं झालं ना गो? मंग बरं," आजी म्हणते आणि आत जाते.

या एका नळीसाठी किती पायऱ्यांची सरकारी यंत्रणा उभी आहे, ते इथून दिसत नाही. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जी २९ विषयांची अकरावी अनुसूची आली, तिच्यात पिण्याचं पाणी आहे. ग्रामपंचायत अधिनियम तर १९५८ पासूनच हे काम पंचायतीवर टाकत आलाय. छोट्या योजना जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग बांधतो, अनेक गावांच्या मोठ्या योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करतं, विहीर कुठे खणावी हे भूजल सर्वेक्षणवाले सांगतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं, घरोघरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर असं उद्दिष्ट ठरलं. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर रोजचे अठरा हंडे. हे अठरा हंडे डोक्यावरून उतरवणं ही लहान गोष्ट नव्हे. ज्या बाईने त्यांच्यापायी मानेचं दुखणं काढलंय तिला विचारा.

पण बांधणं आणि चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपल्याकडे पहिल्याचाच रस्ता आखलेला आहे. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका. प्रत्येक टप्प्यावर एक सही आणि एक जबाबदार माणूस. शेवटी योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते, आणि तिथून पुढे फुटलेल्या पाइपची, जळालेल्या मोटारीची, चढत्या वीजबिलाची धनी एकटी पंचायत. तिच्याकडे पाणीपट्टी असते, आणि वित्त आयोगाच्या निधीतला पाण्यासाठी राखलेला वाटा. त्यातून वीजबिल भागवायचं, मोटारीचं रिवाइंडिंग करायचं, टीसीएल आणायचं आणि पाणीवाल्याचा पगारही द्यायचा. पाणीपट्टी थकली की या यादीतलं शेवटचं नाव सगळ्यात आधी थकतं.

अकराच्या सुमाराला लाइनचं काम सुरू होतं. रस्त्यालगत एका जागी माती कायम ओली राहते, तिथे तेरड्याची रोपं मे महिन्यातही हिरवीगार आहेत. पाणीवाल्याला पंधरा दिवसांपासून संशय होता. आता वॉल बंद करून दोन पोरगे कुदळ-फावडं घेऊन खणतायत. रेती भरलेल्या गाड्या इथून वळतात आणि पाइप हवा तेवढा खोल नाही, त्यामुळे चाकाचा भार थेट त्याच्यावर येतो.

"हितं नको, हितं नको," पाणीवाला ओरडतो. "अजून हातभर डाव्या अंगाला. तिथून वाकडा गेलाय तो. खाली दगड लागला होता तवा."

पोरगे सरकतात. पाच-सहा घावांत राखाडी पाइप दिसतो. नेमका तिथेच, वाकडा. नकाशात ही लाइन सरळ रेषेत असणार याची मला खात्री आहे. योजना होताना खड्ड्याशी उभा राहून दगड कुठे लागला हे पाहणारा माणूस हाच, आणि तो दगड फक्त त्याच्या लक्षात आहे.

पाइपला बोटभर लांबीची चीर आहे. पाणी बंद असूनही वरच्या अंगाने झरतंय. खड्ड्यात घोटाभर गढूळ पाणी साचलंय आणि चीर त्या पाण्यात बुडालेली आहे. मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते या चिरेबद्दल. गळतीने पाणी वाया जातं एवढंच आपण धरून चालतो. पण आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. तास-दीड तास लाइन दाबाने भरलेली असते तेव्हा चिरेतून पाणी बाहेर जातं. वॉल बंद झाला की लाइन रिकामी होत जाते, आत पोकळी होते आणि हेच खड्ड्यातलं पाणी त्याच चिरेतून आत ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर ते कुणाच्या तरी कळशीत उतरतं. गावात काविळीची, हगवणीची साथ पसरते तेव्हा अनेकदा टाकी स्वच्छ असते, विहीर स्वच्छ असते आणि दोष अशा एखाद्या हिरव्यागार कोपऱ्यात असतो. सकाळी शेवटच्या नळाला नळी धरायची ती यासाठीच. मध्ये कुठे घाण शिरली तर क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात संपतं आणि शेवटच्या घरी रंग येत नाही.

एक पोरगा डबड्याने खड्डा उपसतो. पाणीवाला हॅकसॉने चिरेच्या दोन्ही बाजूंनी पाइप कापतो, पातं सरळ राहावं म्हणून डोळा पाइपला जवळजवळ टेकवून. कापलेल्या कडांवरची कुसं चाकूने तासतो, पॉलिश पेपर फिरवतो, कोरड्या फडक्याने पुसतो. पुन्हा पुसतो, कारण वरून थेंब ओघळतोच आहे. ओल्या पाइपला सोल्युशन धरत नाही. मग तो खालच्या उताराचा नळ उघडायला सांगतो, लाइनमधलं उरलंसुरलं तिकडून निघून जातं आणि थेंब थांबतो. नवा तुकडा मापून ठेवलेला आहे, पण दोन्ही टोकं जमिनीत घट्ट असताना तो मध्ये बसवायचा कसा? दोन्हीकडे आणखी हातभर खणून पाइप मोकळा करतात. एक पोरगा तो उचलून किंचित वाकवून धरतो, पाणीवाला कपलिंगला आतून आणि पाइपला बाहेरून सोल्युशन लावतो, ढकलतो, पाव फिरकी देतो आणि दाबून धरून ठेवतो. दंडावरच्या शिरा टरारतात. घाम नाकाच्या शेंड्यावरून पडेल म्हणून तो मान वळवतो. दुसऱ्या टोकालाही तसंच. मग कुणीच बोलत नाही, हलत नाही. सांधा आवळायला वेळ द्यायचा असतो आणि तो वेळ पोरगे आंब्याच्या सावलीत काढतात.

"घाई करून पाणी सोडलं की झालं," पाणीवाला बिडी पेटवत सांगतो. "आतली हवा कोंडते आन् असा दणका देते, की नवीन सांधा राहील पण फुडचा जुना उडंल."

म्हणून तो वॉल आटा-आटा करून उघडणार आहे, टोकाचे नळ उघडे ठेवून. त्याआधी टीसीएलचं पाणी लाइनमध्ये घालून थोडा वेळ ठेवायचं आणि पहिलं पाणी सगळं सोडून द्यायचं. इतकं झाल्यावरच सांजचं पाणी.

बाय पेटी घेऊन परत आलीय. चार घरांतले आकडे तिने वहीत घेतलेत. खड्डा बुजवायला पोरगे फावडी उचलतात तेवढ्यात ती त्यांना थांबवते.

"काका, बुजवू नका. मला लिहून घेऊ दे."

"काय लिवतेस?"

"कुठे आहे ते. तुम्ही नसलात तर आम्ही कुठे खणायचं?"

पाणीवाला तिच्याकडे बघतो. मग बिडी विझवतो, कमरेला लावलेला टेप काढतो आणि तिच्या हातात एक टोक देतो. वहीच्या मागच्या पानावर तिने आधीच रस्ता काढून ठेवलाय, शाळा, देऊळ, विजेचे खांब असे चौकोन आणि ठिपके मांडून. विजेच्या खांबापासून अंतर. रस्त्याच्या कडेपासून अंतर. पाइप किती खोल. कपलिंग दोन, मधला तुकडा किती फुटांचा, काम कोणत्या तारखेला. मोबाइलने ती खड्ड्याचा फोटो घेते, टेप उभा धरून, म्हणजे खोली कळेल. दगडाजवळचं वळणही ती काढते.

"अजून कुठे कुठे वाकडा आहे, काका?"

"लई जागी," तो म्हणतो. "एक शाळेच्या मागं. एक वहाळ ओलांडताना, तिथं तर लोखंडी हाय. आन् वरच्या आळीत दोन वॉल हायत, त्यातला एक रस्ता झाला तवा डांबराखाली गेला."

"तो कुठे?"

"दाखवतो. सांजचं पाणी सोडलं की चल."

ती पानाच्या वर "वरची आळी" असं लिहून पुढचं पान मोकळं सोडते. पाणीवाला पोरग्यांना आधी बारीक माती लोटायला सांगतो, दगड वेचून बाजूला ठेवायला लावतो आणि स्वतः चावी घेऊन वॉलकडे निघतो.